चामराजपेटेतील घोषणा आणि न मोजलेली मते

जून २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ओसरू लागली असताना बंगळुरूच्या चामराजपेट मतदारसंघात गरजूंसाठी मदतवाटपाचे कार्यक्रम सुरू होते. स्थानिक आमदार जमीर अहमद खान यजमान, विधानसभेतील विरोधी पक्षनेते सिद्धरामय्या प्रमुख पाहुणे आणि समोर काँग्रेसचे कार्यकर्ते, असे त्यांचे स्वरूप होते. या कार्यक्रमांतून सिद्धरामय्यांचा उल्लेख ‘भावी मुख्यमंत्री’ असा होऊ लागला आणि पाठोपाठ तशा घोषणाही उठू लागल्या. राज्यात तेव्हा भाजपचे सरकार होते. विधानसभेची निवडणूक जवळपास दोन वर्षे दूर होती. या घोषणांमुळे भाजपच्या गोटात चिंता पसरण्याचे कारण नव्हते. चिंता पसरली ती काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष डी. के. शिवकुमार यांच्या गोटात.

शिवकुमार यांनी नेतृत्वाविषयी जाहीर वक्तव्ये करू नयेत, अशी सूचना दिली. जमीर यांनी ही जनतेची भावना असल्याचे सांगून ती मनावर घेतली नाही. जुलैमध्ये सिद्धरामय्या आणि शिवकुमार या दोघांनाही दिल्लीस पाचारण करण्यात आले आणि राहुल गांधी यांच्या भेटीनंतर ऐक्याची ग्वाही देण्यात आली. वर्षभरात तीच ठिणगी पुन्हा पडली. शिवकुमार यांनी वक्कलिग समाजाला आपल्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन करताच, केवळ एका समाजाच्या बळावर कोणी मुख्यमंत्री होत नाही, असे प्रत्युत्तर जमीर यांनी दिले. जुलै २०२२ मध्ये पक्षश्रेष्ठींनी त्यांना लेखी समज दिली. ३ ऑगस्टला दावणगेरे येथे सिद्धरामय्यांच्या अमृतमहोत्सवी सोहळ्यात राहुल गांधींच्या साक्षीने दोन्ही नेत्यांची गळाभेट झाली. मराठी माणसाला या साऱ्यासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. भाऊबंदकी हा शब्द त्याच्याकडे पूर्वापार आहे.

या भाऊबंदकीला चामराजपेटेत तोंड फुटावे, हा निव्वळ योगायोग नव्हता. बंगळुरूच्या जुन्या पेठांना लागून १८९२ मध्ये वसविलेली, म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव धारण करणारी ही वस्ती. कन्नड साहित्य परिषदेचे मुख्यालय येथेच आहे. शेजारच्या चिकपेट-नगरथपेट भागात सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात असलेल्या विटा-आटपाडीकडील मराठी कुटुंबांना हा परिसर परका नाही. राजकीयदृष्ट्या मात्र ही जागा पाहुण्या नेत्यांच्या सोयीची ठरत आली आहे. २००४ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा येथून निवडून आले. राज्यातील सत्ता मात्र त्यांच्या हातून गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते राज्यपाल म्हणून मुंबईच्या राजभवनात दाखल झाले. रिकाम्या झालेल्या जागेवर जमीर अहमद खान धर्मनिरपेक्ष जनता दलातर्फे विजयी झाले. २०१६ च्या राज्यसभा निवडणुकीत त्यांनी पक्षाविरुद्ध मतदान केले आणि २०१८ मध्ये काँग्रेसची वाट धरली. त्याच वर्षी सिद्धरामय्या मुख्यमंत्री असूनही चामुंडेश्वरीत पराभूत झाले होते. बदामीने त्यांना तारले. त्यांना सुरक्षित मतदारसंघ हवा होता आणि जमीर यांनी आपला मतदारसंघ देऊ केला. सिद्धरामय्या अखेर २०२३ मध्ये वरुणा येथून लढले. चामराजपेटेतून जमीर पुन्हा ५० हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

या प्रकरणाकडे दोन नेत्यांच्या महत्त्वाकांक्षेची कहाणी म्हणून पाहणे सोपे आहे. महत्त्वाकांक्षा गैर नाही आणि दोघांचेही दावे पोकळ नव्हते. प्रदेशाध्यक्षाने पक्षाला सत्तेवर आणावे आणि मुख्यमंत्री व्हावे, हा पायंडा कृष्णा यांनी १९९९ मध्ये घातला होता. शिवकुमार यांचा दावा त्यावर उभा होता. मागासवर्गीय, दलित आणि अल्पसंख्याक यांची मोट बांधण्याची क्षमता व पाच वर्षांचा प्रशासनाचा अनुभव हे सिद्धरामय्यांचे भांडवल होते. प्रश्न असा की, यापैकी कोणाचा दावा पक्षाला अधिक मान्य आहे, हे ठरवायचे कोणी आणि कसे? पक्षाच्या घटनेत त्यासाठी खुली, मोजता येण्याजोगी पद्धत नसेल, तर कार्यकर्त्याच्या हाती घोषणा एवढेच साधन उरते. घोषणा मोजता येत नाही. फक्त तिच्याहून मोठी घोषणा देता येते.

२०२३ ची निवडणूक काँग्रेसने २२४ पैकी १३५ जागा मिळवून जिंकली. १४ मे रोजी बंगळुरूच्या एका हॉटेलात विधिमंडळ पक्षाची बैठक झाली, तेव्हा बाहेर दोन्ही बाजूंचे समर्थक आपापल्या नेत्याचा जयघोष करीत होते. आत निरीक्षक म्हणून सुशीलकुमार शिंदे, जितेंद्र सिंह आणि दीपक बाबरिया उपस्थित होते. नेतानिवडीचे सर्वाधिकार पक्षाध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांना देणारा एका ओळीचा ठराव संमत झाला. त्याबरोबर आमदारांची मते गुप्तपणे अजमावण्यात आली. कोणाला किती मते पडली, हे मात्र जाहीर झाले नाही. पुढचे चार दिवस दिल्लीत खलबते झाली. १८ मे रोजी सिद्धरामय्या मुख्यमंत्री आणि शिवकुमार एकमेव उपमुख्यमंत्री, असा तोडगा घोषित झाला. २० मे रोजी शपथविधी उरकला.

निरीक्षकांत शिंदे असावेत, यात महाराष्ट्राच्या वाचकाला वेगळा अर्थ दिसेल. २००४ ची विधानसभा निवडणूक काँग्रेसने शिंदे मुख्यमंत्री असताना लढविली आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या साथीने सत्ता राखली. तरीही मुख्यमंत्रिपदी विलासराव देशमुख आले आणि शिंदे आंध्र प्रदेशच्या राजभवनात गेले. खर्गे यांचा अनुभवही वेगळा नाही. २०१३ मध्ये कर्नाटकात याच रीतीने गुप्त मतदान होऊन सिद्धरामय्यांची निवड झाली, तेव्हा मुख्यमंत्रिपदासाठी ज्यांचे नाव मागे पडले, त्यांत खर्गे होते. तेव्हाही आकडे बाहेर आले नाहीत. एका अर्थाने, न मोजलेल्या मतांचा न्याय ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्यावरच २०२३ मध्ये तसाच न्याय करण्याची वेळ आली होती.

आकडे झाकण्यामागे पक्षश्रेष्ठींचा युक्तिवाद असतो. आकडा जाहीर झाला की हरलेल्याचे बळ उघडे पडते, त्याचा स्वाभिमान दुखावतो आणि तो पक्ष फोडू शकतो. या युक्तिवादात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु आकडा झाकल्याने हरलेला हरल्याचे मान्य करीत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे. शपथविधीच्या दिवसापासूनच अडीच-अडीच वर्षांच्या कथित कराराची चर्चा कर्नाटकात सुरू झाली. करार झाला की नाही, यावरच दोन तट पडले. जून २०२४ मध्ये केंपेगौडा जयंतीच्या कार्यक्रमात एका वक्कलिग मठाधिपतींनी, मुख्यमंत्री व्यासपीठावर असतानाच, ते पद शिवकुमार यांच्याकडे सोपविण्याची विनंती केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारची अडीच वर्षे भरताच शिवकुमार समर्थक आमदार दिल्लीत धडकले आणि २९ नोव्हेंबर व २ डिसेंबर रोजी दोन्ही नेत्यांना एकमेकांच्या घरी न्याहारी करून ऐक्याचे दर्शन घडवावे लागले. चामराजपेटेतील घोषणेपासून या न्याहारीपर्यंत साडेचार वर्षे गेली आणि प्रश्न तोच राहिला.

याची किंमत केवळ पक्षाला मोजावी लागत नाही. मुख्यमंत्री किती काळ राहणार, हे ठाऊक नसले की सचिवालयातील अधिकारी दूरगामी निर्णयाची फाइल पुढे सरकवताना दहा वेळा विचार करतो. कोणाचा शब्द अखेरचा, याचा अंदाज घेण्यात त्याची शक्ती खर्ची पडते. पक्षातील स्पर्धा जातींच्या स्पर्धेचे रूप घेते, तेव्हा हानी अधिक खोल असते. कुरुब, वक्कलिग, दलित, मुस्लिम हे ज्या पक्षाचे एकत्रित मतदार म्हणवतात, त्याच पक्षाच्या नेतृत्वाचा वाद त्यांना एकमेकांसमोर उभे करतो. नेते गळाभेट घेऊन मोकळे होतात. एकाच प्रभागात राहणाऱ्या आणि पुढच्या निवडणुकीत एकाच चिन्हासाठी दारोदार फिरायच्या कार्यकर्त्यांना ती सोय नसते.

मोजणीने हे सारे मिटते काय? काँग्रेसच्याच इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांनी निवडक मतदारसंघांत उमेदवार ठरविण्यासाठी पक्षांतर्गत मतदानाचा प्रयोग केला. बंगळुरू उत्तर येथे सी. नारायणस्वामी, दक्षिण कन्नड येथे जनार्दन पुजारी आणि लातूर येथे दत्तात्रय बनसोडे हे या मार्गाने उमेदवार झाले. तिघेही पराभूत झाले. वडोदऱ्यात असे निवडलेले नरेंद्र रावत यांना नरेंद्र मोदी रिंगणात उतरताच मधुसूदन मिस्त्री यांच्यासाठी बाजूला व्हावे लागले. मतदानाचा हक्क पक्षाच्या निवडक प्रतिनिधींपुरता होता आणि देशभरात काँग्रेस ४४ जागांवर आली. त्या पराभवाचे खापर या पद्धतीवर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण प्रयोग मागे पडला.

ऑक्टोबर २०२२ मधील अध्यक्षपदाची निवडणूक हे दुसरे उदाहरण. खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली. थरूर यांच्या बाजूने मतदानाच्या प्रक्रियेविषयी तक्रारी झाल्या होत्या. तरीही निकाल जाहीर होताच त्यांनी तो स्वीकारला आणि पुढील वर्षी ते कार्यसमितीत आले. अमेरिकेत २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात पाच महिने चाललेली लढत याहून किती तरी कडवट होती. वंश आणि स्त्रीत्व हे दोन्ही प्रश्न तिच्यात ओढले गेले. समर्थकांतील दुरावा पक्षाला महागात पडणार, असे भाकीत वर्तविले जात होते. परंतु प्रत्येक राज्याचा आकडा सर्वांसमोर होता. ७ जून रोजी क्लिंटन यांनी माघार घेतली, ऑगस्टमधील अधिवेशनात ओबामांच्या एकमुखी निवडीचा प्रस्ताव त्यांनीच मांडला आणि पुढे त्या त्यांच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. मोजणीने कटुता टळली नाही. तिला शेवटची तारीख मिळाली.

महाराष्ट्राने याची उलट बाजू पाहिली आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. पक्ष कोणाचा, हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात आयोगाने शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला देताना, पक्षांतर्गत निवडणुकांविना झालेल्या नेमणुकांवर नेमके बोट ठेवले आणि विधिमंडळातील संख्याबळ प्रमाण मानले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसबाबतही संख्याबळानेच कौल अजित पवार यांच्या बाजूने गेला. घरात टाळलेली मोजणी अशा रीतीने आयोगाच्या दारात झाली आणि तीत पक्षाच्या सामान्य सदस्याला स्थानच उरले नाही.

कायद्याकडून येथे फारशी अपेक्षा करता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-अ पक्षांच्या नोंदणीपुरते बोलते. पक्षांतर्गत लोकशाहीची सक्ती करण्याची विधी आयोगाने १९९९ मध्ये आपल्या १७० व्या अहवालात केलेली शिफारस कागदावरच राहिली. मात्र एक गोष्ट कोणत्याही कायद्यावाचून करता येण्याजोगी आहे. विधिमंडळ पक्षाने नेता निवडताना मतदान घेतलेच, तर त्याचे आकडे त्याच संध्याकाळी जाहीर करावेत. अध्यक्षपदासाठी काँग्रेसने ते केले आहे; मुख्यमंत्रिपदासाठी ते न करण्याचे सबळ कारण तिने अद्याप सांगितलेले नाही. १४ मे २०२३ रोजी आमदारांनी दिलेला कौल त्याच रात्री समोर आला असता, तर अडीच वर्षांनी तो पुन्हा मागण्यासाठी त्यांतील काहींना दिल्लीचे विमान धरावे लागले नसते.