आरती : गळ्याची की गलक्याची?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला श्रींची मूर्ती मखरात विराजमान झाली, की घरोघरी सायंकाळी आरतीचा घोष सुरू होतो. समर्थ रामदासस्वामींच्या आरतीने आरंभ होतो. मग शंकराची, देवीची, विठ्ठलाची. उत्साहाची वानवा कोठेच नसते. वानवा असते ती सुराची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांचे गळे बसतात, आणि गौरी जाईपर्यंत घरच्या यजमानांना पूजेचा संकल्पही घोगऱ्या आवाजात सांगावा लागतो. बसलेला गळा हे आपण भक्तीचे भूषण मानत आलो आहोत. ही समजूत सोडण्याची वेळ आली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

यावर ठरलेले उत्तर येते : देव भावाचा भुकेला, त्याला सूर-ताल कशाला हवेत? भावाविषयी वाद नाहीच. परंतु त्याच देवापुढे आपण किडलेली दूर्वा ठेवत नाही, चुरगळलेले जास्वंद वाहत नाही, मोदकाची कळी मोडली तर तो बाजूला काढतो. मग फाटलेला आवाज तेवढा बिनदिक्कत कसा अर्पण करतो? ज्याला गाता येत नाही त्याने गप्प बसावे, असे येथे सुचवायचे नाही. गाता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांतील पुष्कळांना केवळ ओरडण्याची सवय लागलेली असते, एवढेच म्हणणे आहे.

हा दोष आजचा नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. शार्ङ्गदेव हिशेबखात्यातील मोठा अधिकारी. हिशेबी माणूस असल्यामुळेच की काय, गायकाचे दोषही त्याने मोजून २५ सांगितले आहेत. दात आवळून गाणारा ‘संदष्ट’, नीरस आरडाओरडा करणारा ‘उद्घुष्ट’, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा ‘काकी’, उंटासारखी मान उंचावणारा ‘करभ’, गळ्याच्या शिरा फुगवून चेहरा लाल करणारा ‘झोंबक’, शब्द अस्पष्ट उच्चारणारा ‘अव्यक्त’, नाकात गाणारा ‘सानुनासिक’. ही यादी मनात धरून एखाद्या सायंकाळी आरतीला उभे राहावे; आठशे वर्षांपूर्वीच्या पंडिताने आपल्याच दिवाणखान्यात बसून ती लिहिली असावी, असे वाटेल. ‘अव्यक्त’ दोष तर आपल्या अंगवळणी पडला आहे. लय इतकी वाढते, की ‘उटी’ची ‘ओटी’ होते, ‘संकटी’चे ‘संकष्टी’ होते, आणि पुढील पिढी तेच पाठ करते.

मुख्य चूक घडते ती पहिल्या ओळीला. आरती उचलणारा पुरुष जोशात वरच्या पट्टीत सुरुवात करतो आणि त्याच्यामागे साऱ्या घराची फरफट होते. प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा कंप पावतात, स्त्रीचे सुमारे २०० वेळा, लहान मुलांचे त्याहूनही अधिक. म्हणजे घरातील स्त्रिया आणि मुले स्वभावतःच पुरुषांपेक्षा जवळजवळ एक सप्तक वर असतात. पुरुषाने मध्य सप्तकात, सहज सुरुवात केली, तर बाकीची मंडळी आपापल्या जागी विनासायास गाऊ शकतात. परीक्षा सोपी आहे. ध्रुवपदाला आजी आणि सहा वर्षांची नात गप्प झाल्या, की पट्टी चुकली असे खुशाल समजावे.

दुसरी गोष्ट झांजांची. आजूबाजूचा आवाज वाढला, की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. हा देहधर्म आहे. बंद खोलीत चार झांजा आणि एक घंटा यांवर मात करू पाहणारा गळा हरणारच. एक झांज पुरे. वारकरी भजनाची रीत येथे घेण्याजोगी आहे : एकाने चरण म्हणावा, इतरांनी तो उचलावा. तेवढ्यात म्हणणाऱ्याचा श्वास भरतो, गळ्याला विसावा मिळतो. दिंडीतील भजनकरी दिवसचे दिवस चालत गातात, त्यामागे हा विसावाही आहे आणि वर्षांची तालीमही.

गळा बसल्यावर आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, ज्येष्ठमधाची कांडी चघळतो. घशाला त्याने बरे वाटते, हे खरे. पण स्वरतंतू घशाच्या खाली, स्वरयंत्रात असतात आणि गुळणीचे पाणी तेथवर पोचत नाही. त्यांना हवे असते मौन आणि दिवसभर घोट-घोट पाणी. वाफेचाही थोडा आराम पडतो. पुष्कळजण मौन म्हणून कुजबुजतात. जोर लावून केलेली कुजबुजही गळ्याला शिणवते. वारंवार खाकरणेही तसेच. मोदकांवर उगीच आळ घेऊ नये. मात्र जागरणात उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाल्यास पोटातील आम्ल वर येऊन स्वरयंत्राला झोंबते. धूप आणि कापूर लावताना खिडकी उघडी असावी. आवाज तीन आठवड्यांपर्यंत सुटला नाही, तर घरगुती काढे बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांविषयी मात्र विशेष जपले पाहिजे. त्यांचा आवाज फुटत असतो आणि घरातील मोठी माणसे त्यावर हसतात. तो मुलगा मग आरतीत तोंड उघडत नाही, आणि पुढे आयुष्यभर ‘मला गाता येत नाही’ असे सांगत राहतो. अशा मुलाला खालच्या स्वरात, हलक्या आवाजात म्हणू द्यावे. कंटाळला तर टाळ हाती द्यावा.

आणि शिकायचे म्हटले, तर वाट दुर्गम नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताची दारे सामान्य गृहस्थांना उघडली, त्याला सव्वाशे वर्षे होत आली. गुरू मिळाला तर उत्तमच. तोवर सकाळी दहा मिनिटे पेटीचा एक षड्ज धरून बसावे. आवाज मोठा न करता ‘आ’कार त्यात मिसळू द्यावा, आणि मग हळूहळू खर्जाकडे उतरावे. हा क्रम श्रावणाच्या आरंभीच धरला, तर चतुर्थीपर्यंत महिनाभर हाती असतो. तेवढ्यात घरातील चार-पाच जणांना एका स्वरात मिळता येते. त्या संध्याकाळी आरती कोणी उचलायची, हेही आधीच ठरवून ठेवावे. आमच्या मते तो मान घरातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाला न देता, सर्वांत स्थिर सुराच्या माणसाला द्यावा, मग ती घरची सून का असेना.