तान्हे मूल घेऊन परक्या गावी

बदलीचा हुकूम बाळाचे वय पाहून निघत नाही. रेल्वे, बँक किंवा महाविद्यालय यांच्या निमित्ताने एखादे तरुण मराठी जोडपे चार महिन्यांचे मूल घेऊन हुबळीस येते, उणकलला भाड्याचे घर घेते. यजमान सकाळी कामावर जातात आणि मागे उरते ती तान्ह्या मुलाची आई, जिला शेजारणीचे एक वाक्यही उमगत नाही.

अशा घराचा पत्ता लागताच आपण जुनी मंडळी काय करतो? हळदीकुंकवास बोलावतो, मराठी दुकानदार सांगतो, मराठी समजणारी मोलकरीण शोधून देतो. हेतू चांगलाच असतो. परंतु या मायेने आपण तिला वर्षानुवर्षे मुकी ठेवतो, असे आम्हांस वाटते. मध्यरात्री बाळाचे अंग तापले, तर हाक ऐकू जायची ती भिंतीपलीकडच्या कन्नड घरास. आपण तेव्हा धारवाडला निजलेले!

म्हणून पहिली ओळख शेजारणीशी करून द्यावी. भाषा वाटते तितकी परकी नाही. बाळंतीण येथे ‘बाणंती’ होते, आजी ‘अज्जी’ होते. तापास ‘ज्वर’ आणि ओकारीस ‘वांति’ म्हटले की डॉक्टरांस कळते. खोकला तेवढा ‘केम्मु’. दुकानात नाचणी मागताना ‘रागी’ म्हणावे. एक शब्द मात्र चकवतो. दवाखान्यात ‘तायी’ म्हणून हाक आली, तर ती थोरल्या बहिणीस नव्हे. कन्नडात तायी म्हणजे आई. गर्भवतीस मिळणाऱ्या सरकारी कार्डासही येथे ‘तायी कार्ड’च म्हणतात. महाराष्ट्रातले लसींचे कार्ड सोबत आणावे. ६, १० व १४ आठवड्यांच्या लसी, पुढे नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाची, हा क्रम दोन्हीकडे एकच असल्याने गाव बदलले तरी पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही.

दोन भाषा कानी पडल्याने मूल उशिरा बोलते, हा समज निराधार आहे. शाळेत मागे पडेल या धास्तीने घरातली मराठी बंद करणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांनी धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांचे स्मरण करावे. त्यांच्या घरची भाषा मराठी, आणि १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले ते ‘नाकु तंति’ या कन्नड काव्यसंग्रहास.

संध्याकाळी उणकलच्या तळ्याकाठी किंवा चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराच्या देवळात मूल कडेवर घेऊन गेले की ओळखी आपोआप होतात. नवख्या बाईशी कोणी बोलणार नाही, पण बाळाशी सारेच बोलतात. याउलट, जी आई घराबाहेर पडेनाशी होते, जिला सतत रडू येते, बाळाकडेही पाहावेसे वाटत नाही, तिला ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये. असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरांकडे न्यावेच. मनाच्या अशा दुखण्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांकही आहे, आणि तेथे पैसे पडत नाहीत.

भेटीस जाताना काय न्यावे, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. डिंकाचे लाडू नेऊ नयेत. ‘अंटिन उंडी’ या नावाने ते शेजारच्या अज्जीने आधीच पोचते केलेले असतात. दुपारी जावे, दोन तास बाळ आपल्या मांडीवर घ्यावे आणि त्या पोरीला झोपू द्यावे.