टाकीतील समुद्राचा जमाखर्च

माळव्याच्या पठारावर समुद्र आणावयाचा तर तो काचेच्या टाकीतूनच आणावा लागतो, आणि ही हौस इंदुरातही रुजली आहे. मात्र परदेशी चित्रांत दिसते तशी जिवंत प्रवाळांची बाग आपल्याला घरी करता येत नाही. भित्ती रचणारी सर्व कठीण प्रवाळे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कच्छच्या आखातात प्रवाळभित्ती आहेत. तेथे १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. प्रवाळे तेथेच पाहावीत. घरी ठेवावयाचे ते सागरी मासे, आणि त्यांचे आयुष्य पाण्याच्या हिशेबावर अवलंबून असते.

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये अतिशय विषारी. तिसरे त्या मानाने सौम्य, परंतु ते साचत जाते. प्रवाळभित्तीभोवतीच्या समुद्रात नायट्रेट लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी असते. टाकीत ते चाळीसवर सहज चढते. मग शेवाळ माजते आणि कोळंबीसारखे नाजूक जीव आधी खचतात.

उपाय साधा आहे : पाणी बदलणे. परंतु येथे वजाबाकी नसून गुणाकार असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टाकी २०० लिटरची व नायट्रेट ४० आहे असे धरू. दर आठवड्यास २० लिटर, म्हणजे दहावा हिस्सा पाणी बदलले, तर पहिल्या वेळी ते ३६ होईल, दुसऱ्या वेळी ३२.४, आणि निम्म्यावर यावयास सात आठवडे लागतील. अर्धी टाकी एकदम बदलली तर तेच काम एका दिवसात होते खरे. तथापि जुन्या पाण्याला सरावलेल्या माशांना तो धक्का सोसत नाही.

शिवाय खर्चाबरोबर जमाही चालूच असते. आठवड्याला दोन मिलिग्रॅम नायट्रेट नव्याने तयार होत असेल, तर दहावा हिस्सा वर्षभर बदलूनही ते वीसच्या आसपास थांबेल. त्याखाली उतरणार नाही. पाचवा हिस्सा बदलल्यास ते दहावर येईल. आणि खाद्य निम्मे करून उत्पत्ती एकावर आणली, तर दहाव्या हिश्शातही दहाच साधेल. म्हणून आधी हात आखडावा तो चिमूटभर खाद्य टाकणाऱ्या बोटांचा.

नवे पाणी कोणते, हाही प्रश्न आहे. जलूदहून नर्मदेचे पाणी इंदुरात १९७८ साली आले. तरी अनेक घरे बोअरिंगवरही चालतात. त्या पाण्यात मुळातच दहा मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर वरच्या हिशेबातील वीसचे तीस होतात. पाणी कोणतेही असो, आधी तपासावे; शक्य तर आरओचे घ्यावे. उन्हाळ्यात टाकीतले पाणी आटते, पण मीठ आणि नायट्रेट मागे राहतात. आटलेले भरून काढणे म्हणजे बदलणे नव्हे. भर घालावी ती गोड्या पाण्याची. बदलताना मात्र खारे पाणी घ्यावे.

वार ठरवून घ्यावा. आदल्या दिवशी सागरी मीठ विरघळवून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारता साधावी व पाणी खेळते ठेवावे. क्षारता आणि उष्णता टाकीइतकी आहे ना, हे पाहूनच तळचा गाळ नळीने ओढून तितकेच नवे पाणी ओतावे. आकडे वहीत टिपावेत.

टाकीसाठी बोअरिंगचे पाणी तपासले की घरालाही उपयोग होतो. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. त्याहून अधिक असल्यास तान्ह्या मुलाला ते देऊ नये. आणि उकळून ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने वाढते. माशांच्या निमित्ताने का होईना, ही परीक्षा प्रत्येक बोअरिंगवाल्या घरात एकदा व्हावी.