ग्रंथी काढल्यानंतरचे वर्ष

थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी, काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आता केवळ महानगरांपुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही ती होते, बहुतेक वेळा निर्विघ्न पार पडते आणि रुग्ण थोड्याच दिवसांत घरी परततो. निघताना त्याला सांगण्यात येते, की रोज सकाळी एक गोळी घ्यायची, बाकी काही नाही. या सांगण्यातला पूर्वार्ध अक्षरशः खरा आहे. उत्तरार्धाने मात्र पुष्कळांची दिशाभूल केली आहे. त्या एका गोळीचे योग्य प्रमाण जुळून येण्यास काही महिने, कधी कधी वर्षही जाते आणि तेवढ्या काळात माणसाची शक्ती, झोप, स्मरण, वजन आणि मनःस्थिती ही सारीच हेलकावे खात असतात. हा काळ रुग्णाने एकट्याने आणि बहुधा आळशीपणाचा ठपका सोसत काढावा, अशी आपल्याकडची रीत आहे. ती बदलली पाहिजे.

ही जुळवाजुळव इतकी नाजूक का, हे समजण्यासाठी ग्रंथीचे काम ध्यानात घ्यावे लागते. गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही छोटी ग्रंथी शरीराच्या सर्व व्यवहारांची गती ठरविते. हृदयाचे ठोके, अंगातील ऊब, आतड्यांची हालचाल, मेंदूची तल्लखता यांवर तिच्या संप्रेरकाचा अंमल असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातील या संप्रेरकाचा अंदाज घेत राहते आणि ते कमी पडल्यास टीएसएच नावाचे दुसरे संप्रेरक सोडून अवटु ग्रंथीला अधिक काम करण्याचा हुकूम देते. शस्त्रक्रियेनंतर हुकूम सुटत राहतात, पण ते पाळणारे कोणी उरलेले नसते. गोळीचे प्रमाण आपोआप कमी-जास्त होत नाही. म्हणून टीएसएचची तपासणी करून तो हुकूम डॉक्टरांनी वाचायचा आणि गोळीची मात्रा हाताने बदलायची, एवढाच मार्ग राहतो. शरीर जे काम क्षणोक्षणी करीत होते, ते आता दोन-दोन महिन्यांच्या अंतराने करावयाचे असते.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही हाच धडा शिकवितो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एमिल थिओडोर कोखर या शल्यविशारदाने गलगंडाच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे भय पुष्कळ कमी केले आणि त्याच्या या ग्रंथीविषयक कार्याबद्दल त्याला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या यशाची दुसरी बाजू उघड झाली ती त्याने आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा तपासणीसाठी बोलाविले तेव्हा. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली होती त्यांतील बहुतेकांची चेहरेपट्टी सुजलेली, हालचाल मंद आणि बुद्धी जड झालेली त्याला आढळली. १८८३ मध्ये त्याने हे प्रांजळपणे जाहीर केले. ग्रंथी संपूर्ण काढल्याने काय होते, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळले नव्हते. रुग्णांना परत बोलावल्यानंतर कळले.

पुढे १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे याने, ग्रंथीचे काम थांबलेल्या एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून दिला. ती स्त्री सुधारली आणि त्यानंतर २८ वर्षे जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल याने अमेरिकेत थायरॉक्सिन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज आपल्याकडे मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी ही त्याच परंपरेतील आहे. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. तेव्हा औषधच नाही, अशी तक्रार करण्यास जागा नाही. उणीव आहे ती औषध सुरू झाल्यानंतरच्या देखरेखीची.

साधारणतः शरीराच्या दर किलो वजनास दीड मायक्रोग्रॅमहून किंचित अधिक, या हिशेबाने आरंभीची मात्रा ठरते. वृद्ध आणि हृदयविकारी रुग्णांत ती जपून वाढवितात. पण हा केवळ अंदाज असतो. रक्तातील हे औषध निम्म्यावर येण्यासच सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर नवे प्रमाण स्थिरावण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि म्हणूनच पुढील तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करण्याची पद्धत आहे. मात्रा दोन-तीनदा बदलावी लागली, तर अर्धे वर्ष सहज सरते. हे गणित आधी सांगितले, तर चौथ्या दिवशी 'गुण नाही' म्हणून डॉक्टर बदलणारा किंवा स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेणारा रुग्ण थोडा थांबेल. आज हे गणित फार थोड्यांना सांगितले जाते.

गोळी कशी घ्यावी, यालाही महत्त्व आहे. ती उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर आणि न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. आपल्या घरांत दिवस उजाडतो तो दुधाच्या चहाने किंवा कॉफीने. दूध आणि कॉफी या दोहोंमुळे औषध अंगी लागण्यात अडथळा येतो. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची औषधे यांच्यात व या गोळीत चार तासांचे अंतर हवे. शस्त्रक्रियेत लगतच्या परावटु ग्रंथींना इजा झाल्यास कॅल्शियम कमी पडते, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात आणि कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्या लागतात. अशा रुग्णाने दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेतल्या, तर मात्रा वाढवूनही अहवाल सुधारत नाही. निर्जळी उपवासाच्या दिवशी गोळी राहून जाते. एखादा दिवस चुकल्याने आभाळ कोसळत नाही. पण महिन्यात असे सहा-सात दिवस झाले, की तपासणीचा आकडा खोटा ठरतो. ज्यांना पहाटे जमत नाही त्यांना रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी, गोळी घेण्याची मुभा डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळू शकते.

आता घर आणि कार्यालय यांच्याकडे वळू. मात्रा कमी पडत असेल, तर कारकुनाच्या हातून बेरजेत चुका होतात, एरवी तोंडपाठ असलेले संदर्भ आठवत नाहीत. शिक्षिकेला तिसऱ्या तासापर्यंत उभे राहणे जड जाते. स्वरयंत्राच्या मज्जातंतूला धक्का बसला असेल, तर तिचा आवाजही वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. विद्यार्थ्याला तेच पान तीनदा वाचावे लागते. मानेवरचा व्रण भरलेला दिसतो म्हणून सहकारी, वरिष्ठ आणि सासर-माहेरची माणसे या सर्वांचे मत एकच पडते, की माणूस सुस्तावला. मात्रा जास्त झाली, तर छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते आणि चिडचिड वाढते. तेव्हा स्वभाव बिघडला असा निष्कर्ष निघतो. दोन्ही वेळा दोष मात्रेचा असतो आणि बोल माणसाला लागतो. वजन उतरावे म्हणून मुद्दाम जादा गोळी घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की अशाने हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडे ठिसूळ होतात.

कर्करोगासाठी ग्रंथी काढलेल्यांची परीक्षा याहून कठीण असते. त्यांपैकी काहींना नंतर किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागते. ते शरीरात उरलेल्या पेशींनी शोषून घ्यावे, यासाठी टीएसएच मुद्दाम वाढू द्यावे लागते. म्हणजे गोळी तीन-चार आठवडे बंद. त्याला पर्याय असलेली इंजेक्शने महाग आहेत. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अणुविज्ञानाच्या साहाय्याने असे उपचार होत आले आहेत. जो रुग्ण या उपचारासाठी गोळीविना आठवडे काढतो, त्याला साधा जिना चढणेही संकट वाटते. तो थकवा उपचाराचाच भाग असतो आणि रजेचा अर्ज वाचणाऱ्याने तो तसाच मानला पाहिजे.

अहवाल ठीक आला तरी बरे वाटत नाही, असेही काही रुग्ण सांगतात. त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठविणे योग्य नाही. रक्तक्षय, जीवनसत्त्वांची उणीव, खिन्नता ही कारणे शोधावी लागतात. दुसरे संप्रेरक, टी-थ्री, जोडून द्यावे की नाही, याबद्दल तज्ज्ञांत आजही एकमत नाही. मात्र या असमाधानाचा फायदा घेऊन 'थायरॉइड मुळापासून बरा' करण्याच्या ज्या जाहिराती होतात, त्यांपासून सावध राहावे. काढलेली ग्रंथी कोणत्याही काढ्याने परत उगवत नाही. अशा नादाने गोळी कायमची सोडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. रुग्णालयाने घरी पाठविताना गोळीचे नियम, पुढील वर्षातील तपासण्यांचे महिने आणि ताबडतोब यावे अशी लक्षणे मराठीत छापलेला एक कागद द्यावा. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना, दिवस राहताच मात्रा वाढवावी लागते, हे त्यात ठळकपणे लिहावे. ठरलेल्या महिन्यात रुग्ण आला नाही, तर त्याला बोलावून घ्यावे. शाळांनी आणि कार्यालयांनी पहिले काही महिने सलग तास, उभ्याने करावयाची कामे आणि परीक्षांची जादा जबाबदारी कमी करावी, तपासणीच्या दिवशी सवलत द्यावी. योग्य मात्रा मिळालेला माणूस पुढे तीस-चाळीस वर्षे इतरांच्या बरोबरीने काम करतो. त्या वर्षांच्या मानाने आरंभीची ही थोडी सवलत कोणत्याही संस्थेला जड जाणारी नाही.