दगडांची साक्ष

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण मागांचा खडखडाट मागे टाकून कोणी गावाबाहेर पडला, तर एक निराळीच भिवंडी त्याच्या दृष्टीस पडते. कामवारी नदीच्या परिसरातील भातखाचरे, त्यांच्या पलीकडे काळ्या दगडाच्या टेकड्या आणि त्या टेकड्यांच्या कुशीत फोडलेल्या खाणी. याच दगडात कित्येक शतकांपूर्वी लोनाडची लेणी कोरली गेली. याच दगडाची खडी आज रस्त्यांवर आणि इमारतींच्या पायांत पडते. डायनोसॉरची चित्रे पाहिलेला एखादा मुलगा अशा खाणीच्या काठावर उभा राहिला, म्हणजे त्याच्या मनात सहजच एक प्रश्न येतो: या दगडाच्या पोटात त्या प्रचंड प्राण्यांची हाडे दडलेली असतील काय?

या काळ्या दगडात ती सापडावयाची नाहीत. हाड टिकून राहावयाचे, तर मृत प्राण्याचा देह नदीच्या वा तळ्याच्या गाळात लवकर पुरला जावा लागतो. मग पाण्यातील खनिजे हाडात हळूहळू झिरपतात आणि कालांतराने त्या हाडाचा दगड होतो. त्याचा आकार मात्र कायम राहतो. अशा अवशेषास जीवाश्म म्हणतात. भिवंडीचा दगड गाळातून घडलेला नाही. तो आगीतून घडला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस उसळला, दूरवर पसरला आणि निवून त्याचे थरावर थर साचले. सह्याद्री त्याच थरांचा बनलेला आहे. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापला आहे. त्या तप्त प्रवाहाच्या वाटेत आलेल्या जीवाचे हाड मागे कोठून राहणार?

परंतु निसर्गाच्या तांडवालाही विसावा असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली, पाण्यात जीव नांदले आणि तळाशी गाळ बसला. पुढे नवा लाव्हारस आला व त्याने तो गाळ झाकून टाकला. काळ्या थरांच्या मध्ये दडलेल्या अशाच एका पातळ पट्टीत, मुंबईच्या वरळी भागात, चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1847 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. याच ओवेनने 1842 साली डायनोसॉरांच्या गटाला त्याचे नाव दिले होते. ज्याने जमिनीवरील सर्वांत अजस्र प्राण्यांचे बारसे केले, त्यानेच बोटाएवढ्या बेडकाकडेही तितक्याच आस्थेने पाहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कारण लोकांचे कौतुक बहुधा आकारापाशीच थांबते. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात 1961 साली लांब मानेच्या एका प्रचंड डायनोसॉरची सुमारे 300 हाडे मिळाली. रवींद्रनाथ टागोरांचे ते जन्मशताब्दीचे वर्ष होते. म्हणून त्या प्राण्याचे नाव पुढे बारापासॉरस टागोराय असे ठेवण्यात आले. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. तो पाहून कोणीही थक्क होईल, आणि ते योग्यच आहे. परंतु थक्क होणे म्हणजे ज्ञान नव्हे. या शास्त्राची खरी थोरवी प्रचंड हाडांत नाही. क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूकडे बारकाईने पाहण्यात आणि ती वस्तू कोठे व कोणत्या थरात मिळाली याची नोंद राखण्यात ती आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील तांबड्या मातीत डायनोसॉरची हाडे मिळतात, हे एकोणिसाव्या शतकापासून विद्वानांना माहीत होते. पण हाडांबरोबर तेथे आणखीही काही मिळते: दगड झालेल्या विष्ठेचे गोळे. ज्याकडे पाहून सामान्य माणूस नाक मुरडील, ते गोळे शास्त्रज्ञांनी जपून नेले, त्यांचे सूक्ष्म भाग वेगळे केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. गवत उपटताना त्याच्या पात्याने बोट कापते, हा अनुभव खेड्यातील प्रत्येक मुलाला असतो. त्या पात्यात वाळूच्याच द्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात. वनस्पतीच्या जातीगणिक या कणांचे आकार निरनिराळे असतात, आणि वनस्पती कुजली तरी ते नाश पावत नाहीत. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत नेमके गवताचे कण सापडले. तेही एका नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे.

लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील वंदना प्रसाद, तसेच अशोक सहानी आणि इतर सहकारी यांनी 2005 साली हा शोध जाहीर केला, तेव्हा सर्व जगातील पुस्तकांत दुरुस्ती करण्याची वेळ आली. तोपर्यंत डायनोसॉर नाहीसे झाल्यावरच गवत पृथ्वीवर पसरले, अशी समजूत होती. पुढे 2011 साली, मध्य भारतातील त्याच काळच्या अवशेषांत भाताच्या कुळातील वनस्पतींच्याही खुणा ओळखता आल्या. विदर्भातील एका गावच्या शेणगोळ्याने पृथ्वीच्या इतिहासाचे एक पान असे पालटले!

जागेच्या नोंदीचे महत्त्वही उदाहरणानेच कळते. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना 1980 नंतरच्या दशकात डायनोसॉरच्या अंड्यांजवळ काही नाजूक हाडे मिळाली. ती डायनोसॉरच्या पिल्लाची असावीत, असे प्रथम वाटले. पुढे 2001 साली जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तोच दगड पाहिला आणि त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे ओळखले. घरट्यावर आलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेले अंडे आणि नुकतेच बाहेर आलेले पिल्लू, असा तो प्रसंग होता. 2010 साली तो जगापुढे आला. हाडे सुटी करून निरनिराळ्या पेटाऱ्यांत भरली असती, तर साप एकीकडे, अंडे दुसरीकडे आणि तो प्रसंग कायमचा पुसला गेला असता. दगड अखंड राखला गेला, म्हणूनच पूर्वीची चूकही सुधारता आली.

याच्या उलट गोष्ट जबलपूरची. तेथे 1828 साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला प्रचंड मणके मिळाले. डायनोसॉर हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता. त्या अवशेषांवरून 1877 साली टायटनोसॉरस इंडिकस हे नाव ठरले, पण पुढे मूळ मणके कोठे गेले हेच कळेनासे झाले. अखेर 2012 साली त्यांतील एक मणका कोलकात्याच्या संग्रहातच पुन्हा ओळखला गेला. जगाला नाव देऊन मोकळा झालेला देश स्वतःची ठेव मात्र विसरला होता!

काही व्यवहारी माणसे विचारतात, की कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्यांचा आज उपयोग काय? ज्या देशात अनेकांना पुरेसे पाणी मिळत नाही, तेथे ही चैन कशाला? प्रश्न कळकळीचा आहे. त्याला उडवून लावणे बरे नव्हे. पण त्याचे उत्तरही या दगडांतच आहे. डायनोसॉर नाहीसे होण्याच्या वेळी आजच्या मेक्सिकोत एक प्रचंड अशनी कोसळला, हे आता सिद्ध झाले आहे. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हारस वाहत होता व त्यातून निघणारे वायू हवेत मिसळत होते. त्या संहारात या वायूंचा वाटा किती, याचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणूनच देशोदेशीचे अभ्यासक सह्याद्रीच्या थरांचे वय मोजीत आहेत. हवा बदलली म्हणजे बलाढ्य जीवांचेही काय होते, हे त्या काळाने दाखविले आहे. मानवाच्या धुराने पृथ्वी तापत असताना ही साक्ष ऐकून न घेणे, हीच खरी चैन ठरेल. आणि त्या खटल्यातील एक साक्षीदार खुद्द भिवंडीचा काळा दगड आहे.

साक्षीदार बोलावयाचा, तर तो जिवंत राहिला पाहिजे. खाणी बंद कराव्यात, असे कोणी म्हणणार नाही. घरे आणि रस्ते हवेतच. परंतु दगड फोडणारा मजूर, विहीर खणणारा शेतकरी आणि टेकडीवर हिंडणारा विद्यार्थी यांना आपल्या हातांखाली काय येऊ शकते, एवढे ठाऊक असले पाहिजे. काळ्या थरांच्या मध्ये गाळाची पट्टी दिसली, तीत शिंपला, पान किंवा हाडासारखा आकार आढळला, तर क्षणभर हातोडा थांबवावा. वस्तू उपटून घरी नेऊ नये, विकू तर मुळीच नये. जागा टिपून घ्यावी आणि जाणत्यांना कळवावे. शास्त्राचे पहिले पाऊल प्रयोगशाळेत नव्हे, तर अशा थांबलेल्या हातोड्यापाशी पडते.

पावसाळ्यात भिवंडीच्या खाचरांत भात डोलू लागतो आणि बांधावर गवत माजते. त्या गवताच्या पात्याने बोट कापले, तर त्या मुलाने क्षणभर पात्याकडे निरखून पाहावे. त्याच्या पूर्वजांना डायनोसॉरांनी चरून खाल्ले होते. डायनोसॉर गेले, गवत राहिले. ही हकीकत सांगावयास कोणी मनुष्य तेव्हा नव्हता. ती सांभाळून ठेवली दगडांनी; दगडांना सांभाळणे आता माणसाच्या हाती आहे.