कबुतरखाने बंद, पण बाल्कनीतल्या कबुतरांचं काय?

जुलै 2025 मध्ये राज्य सरकारने मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करायला सांगितले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि वाद पेटला. मुद्दा आरोग्याचा आहे: विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. मग आपल्या बाल्कनीत काय करायचं?

ऑनलाइन मिळणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रावर पैसे घालवू नका. त्याचा आवाज 20 किलोहर्ट्झच्या वरचा असतो. कबुतराला त्याच्या निम्म्यापर्यंतही जेमतेम ऐकू येतं. म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा आवाज त्यालाही ऐकू येत नाही!

खरा उपाय साधा आहे. जाळीची छिद्रं 50 मिमीपेक्षा मोठी नकोत आणि चारही कडा ताणून बसवा. सैल जाळीत पक्षी अडकून तडफडतो. आधी एसीच्या आउटडोअर युनिटमागे घरटं आहे का ते बघा. अंडी उबायला साधारण 18 दिवस, पिल्लू उडायला आणखी महिनाभर लागतो. तेवढं थांबा, नाहीतर पिल्लं आत उपाशी मरतात.

मात्र जाळीने कबुतरं कमी होत नाहीत, ती शेजारच्या बाल्कनीत जातात. स्वित्झर्लंडच्या बाझल शहराने वर्षानुवर्षं कबुतरं मारून पाहिली, उपयोग झाला नाही. 1988 पासून लोकांना दाणे न टाकण्याचं पटवलं, खास खुराड्यांतली अंडी काढली, आणि काही वर्षांत संख्या निम्म्यावर आली. म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाळीच्या कोटेशनआधी गच्चीवरच्या दाण्यांचा विषय काढा.