कवट्या महाकाळाच्या बाजूनं

महेश कोठारे दिग्दर्शित ‘धडाकेबाज’ या सिनेमाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्यांचा पहिला सवाल ठरलेला: याला काही लॉजिक? बाटलीत कोंडलेला लक्ष्मीकांत बेर्डे, तोंडावर कवटी चढवून दरोडे घालणारा कवट्या महाकाळ, अन् 1990 सालचा हा पसारा लोक अजून चवीनं बघतात!

या मंडळींना मी शनिशिंगणापूरला नेईन. इथल्या घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावतात. चोरी करणाऱ्याला शनिदेव तिथल्या तिथं शिक्षा करतो, ही श्रद्धा. अशा गावात 2011 साली युको बँकेनं ‘बिनकुलपाची’ शाखा उघडली. काचेचं दार बसवलं, अन् कुणाच्या डोळ्यांत येणार नाही असं विद्युतचुंबकीय कुलूपही. 2015 साली पोलीस ठाणंही आलं. महेश कोठारेंनी हे पडद्यावर दाखवलं असतं तर ‘काहीही दाखवतात’ म्हणून समीक्षकांनी झोडपलं असतं.

त्याहून मोठा प्रसंग जानेवारी 2016 चा. शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मज्जाव होता. तृप्ती देसाईंच्या भूमाता ब्रिगेडनं जाहीर केलं, वाट अडवलीत तर हेलिकॉप्टरमधून शिडीनं थेट चौथऱ्यावर उतरू. हेलिकॉप्टर आलं नाही. 26 जानेवारीला मोर्चा सुप्याजवळच अडवला गेला. पण त्या न आलेल्या हेलिकॉप्टरनं देशभरचे कॅमेरे नेवासे तालुक्याकडे वळवले, ते साध्या निवेदनानं वळले नसते. पुढचं काम मुंबई उच्च न्यायालयानं केलं, हे कबूल. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला. तरीही आज कुणालाही विचारा, निकालाची तारीख आठवत नाही, हेलिकॉप्टर आठवतं. अडलेली गोष्ट पुढं रेटायला आपला समाज अतिरंजनाचा आधार घेतो, मग सिनेमानं घेतला की तेवढं बिघडतं?

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा: तुम्हाला सिनेमा नाही, तुमचं बालपण आवडतं. बरं. त्याच बालपणात आम्ही रडारडीचे डझनभर सिनेमे पाहिले, त्यांचं काय झालं? अन् नुसती आठवणींचीच जादू असती तर 2013 साली थ्रीडीत आलेल्या कोठारेंच्याच ‘झपाटलेला 2’ नं 1993 च्या मूळ सिनेमाची जागा घेतली असती. बाहुला तोच, त्यात शिरलेला गुंड तात्या विंचूही तोच. जागा मात्र घेता आली नाही, निदान माझ्या लेखी.

मला विचाराल तर खरं कारण कारागिरीचं आहे. मराठी निर्मात्याच्या तुटपुंज्या पैशांत कोठारेंनी ‘धडाकेबाज’ सिनेमास्कोपमध्ये काढला. मराठीतला तो पहिलाच. रुंद पडदा घ्यायचा आणि त्यावर दिवाणखान्यातली भांडणं दाखवायची, असला कद्रूपणा त्यांनी केला नाही. मारामारी, घोडे, कवटी, सगळं पडदाभर. विनोदी भूमिकांत अडकलेल्या बेर्डेंना एकाच सिनेमात दोन माणसं व्हायला लावलं, अन् त्यांनी ती निभावली.

तिसरा आक्षेप, अशा सिनेमांनी अभिरुची बिघडते. ज्यांची बिघडली त्यांनी पुढं यावं. मला अजून एकही भेटलेला नाही. उलट, कवटीमागचा माणूस नट आहे हे चौथीतल्या पोरालाही कळतं, आणि त्याला तसं कळावं अशीच त्या सिनेमाची मांडणी आहे. कुलूप काचेत लपवून वर ‘बिनकुलपाची’ पाटी त्या सिनेमानं लावलेली नाही.